पाच कोटी एकोणनव्वद लाख ब्याऐंशी हजार चारशे पाच

ती. मामांना,
सा. न. वि. वि.

आपली अजून भेट झालेली नाही. तुमचा आवाज मी एकदाच ऐकला आहे, तोही पावणेदोन तास सलग, फोन कानाला तापेपर्यंत. तुमची भाची माझी हॉस्टेलपासूनची मैत्रीण. ती तुम्हाला मामा म्हणते म्हणून मीही म्हणते. तुम्ही सोशल मीडियावर फिरकत नाही हे माहीत आहे. हे पत्र ती तुम्हाला वाचून दाखवणार आहे. मग सरळ तुम्हालाच का लिहिलं नाही? तर हे आणखी चार जणांनी वाचावं अशी माझी इच्छा आहे. त्यातले दोघं माझ्याच मजल्यावर बसतात.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी पुण्यात एका छोट्या कंपनीत ठिबक सिंचनाच्या कंट्रोलरचं फर्मवेअर, म्हणजे डब्याच्या आतला प्रोग्रॅम, लिहिते. कुठला व्हॉल्व्ह उघडायचा, किती सेकंद, जास्तीत जास्त किती लिटर, एवढंच त्या डब्याला कळावं लागतं. वेळापत्रक मोबाइलवरून येतं, ते उलगडून आमच्या हाती देणारी लायब्ररी (तयार कोडचा गठ्ठा) बाहेरच्या एका पुरवठादाराची. तिचा सोर्स, म्हणजे मूळ लिखाण, आमच्याकडे नाही. तयार फाइल येते आणि सोबत एक हेडर, म्हणजे तिच्यात काय काय आहे याची यादी. त्या हेडरमध्ये चार खणांचं एक स्ट्रक्चर. पहिल्या खणात मोड, तो एनम, म्हणजे ठरलेल्या पर्यायांपैकी एक. मग व्हॉल्व्ह नंबर, मग सेकंद, मग लिटर.

गच्चीवर आम्ही सहा व्हॉल्व्हचा चाचणीचा मांडव उभा केलाय. मी मोबाइलवरून सांगितलं: पाच नंबरचा व्हॉल्व्ह, ९०० सेकंद, १२०० लिटर. उघडला शून्य नंबरचा. सेकंद शून्य, म्हणजे आमच्या नियमाप्रमाणे 'वेळेची मर्यादा नाही, फक्त लिटर बघ'. आणि लिटर किती? ५,८९,८२,४०५. पाण्याची टाकी संपली, गच्ची भरली, खालच्या मजल्यावरच्या क्लासेसच्या बाई वर आल्या. हे दिंडोरीच्या एखाद्या द्राक्षबागेत झालं असतं तर त्या शेतकऱ्यानं मला नाही, आमच्या मालकांना वेलीला बांधलं असतं.

पुढचे नऊ दिवस मी हा आकडा घेऊन दारोदार फिरले.

पहिलं दार आमच्या लीडचं. ते म्हणाले, "प्रिंटएफ टाक आणि बघ." टाकला. प्रिंटएफनं तोच आकडा छापला. "मग फॉरमॅट चुकला असेल." नव्हता चुकला. मग ते स्वतः माझ्या खुर्चीत बसले, दहा मिनिटं कीबोर्ड बडवला, 'प्रॅग्मा पॅक' नावाचा, खणांमधली रिकामी भोकं बुजवणारा अंगारा लावला आणि जेवायला गेले. आज मला कळतं की आमच्या बाजूच्या स्ट्रक्चरमध्ये मुळात एकही भोक नव्हतं. बुजवणार काय?

दुसरं दार पुरवठादाराच्या सपोर्टचं. त्यांनी त्यांचा लॉग पाठवला: व्हॉल्व्ह ५, सेकंद ९००, लिटर १२००. सगळं बरोबर. खाली नम्र इंग्रजीत एक ओळ, तिचा मराठी अर्थ 'तुमचं तुम्ही बघा'. मी कळवलं की शेजारचं 'आजचे एकूण लिटर' हे व्हेरिएबल आपोआप १२०० होतंय, त्यावर मी वॉचपॉइंट (किंमत बदलली की प्रोग्रॅम थांबवणारा पहारा) लावला आणि तो तुमच्या फंक्शनच्या आतच थांबतोय. उत्तर आलं: तुम्ही पॉइंटर चुकीचा देताय. पॉइंटर, म्हणजे डेटा मेमरीत कुठं ठेवायचा ते दाखवणारा, बरोबर होता. मी तो इतक्या वेळा तपासला की त्याचा पत्ता मला माझ्या आधार नंबराआधी आठवतो.

तिसऱ्या दाराबद्दल फार लिहीत नाही. तिथं मला असं सांगण्यात आलं की "डिप्लोमावाल्यांचा मेमरीचा पाया कच्चा असतो."

मामा, या सगळ्यांत एक गोष्ट सारखी होती. एकानंही तो आकडा नीट वाचला नाही. 'कचरा व्हॅल्यू' म्हणाले, 'गार्बेज' म्हणाले, आणि हात झटकले. मलाही मग तो कचराच वाटायला लागला होता. दहाव्या दिवशी रात्री तुमच्या भाचीला फोन करून मी रडले. ती म्हणाली, थांब, सांगलीचे मामा आहेत, टेलिफोन एक्स्चेंजच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांची हयात गेली, त्यांना विचारू.

मी स्क्रीन शेअर करते म्हटलं. तुम्ही म्हणालात, "नको. माझे डोळे आता तेवढे राहिले नाहीत. तू वाच, मी लिहून घेतो." मागे कागदाचा आवाज आला. मग तुम्ही विचारलंत, "आकडा काय दिसतोय?"

मी म्हटलं, "काहीतरी कचरा आहे मामा, पाच कोटी काहीतरी."

"काहीतरी नको. पूर्ण सांग."

मी एकेक अंक सांगितला. तुम्ही लिहून घेतलात आणि मग सावकाश परत वाचलात: "पाच कोटी, एकोणनव्वद लाख, ब्याऐंशी हजार, चारशे पाच. बरोबर?"

मी "हो" म्हटलं आणि मला बोलवेना. दहा दिवसांत कुणीतरी पहिल्यांदाच तो आकडा माझ्याकडून विकत घेतल्यासारखा घेतला होता. नंतर तुम्ही जे काही केलंत ते हुशारीचं होतं, त्याबद्दल पुढे लिहितेच. पण माझं खरं काम त्या 'बरोबर?'नंच झालं. आपण जे बघतोय ते खरंच तिथं आहे, एवढा विश्वास परत आला की माणूस पुढचं शोधू शकतो.

बँकेत मी एकदा एक शिपाई पाहिले होते. एका आजीबाईंचा फॉर्म तीन खिडक्यांनी परत पाठवला होता. शिपायांनी तो हातात घेतला आणि फक्त एवढंच विचारलं, "आजी, नाव सांगा बरं पूर्ण." पासबुकात आणि फॉर्मवर आडनाव वेगवेगळ्या तऱ्हेनं लिहिलेलं होतं. तिन्ही खिडक्यांतल्या माणसांचा पगार शिपायांपेक्षा जास्त असणार. अशी माणसं मला अधूनमधून भेटलीत, एसटीच्या चौकशी खिडकीत, मेडिकलच्या दुकानात. आणि दर वेळी ती खालच्याच पायरीवर बसलेली दिसतात. का ते मला समजत नाही.

असो. तर तुम्ही म्हणालात, "आता हाच आकडा सोळाच्या पाढ्यात दाखव म्हणावं त्याला." हेक्समध्ये छापला. शून्य तीन, आठ चार, शून्य शून्य, शून्य पाच. तुम्ही क्षणभर गप्प. मग म्हणालात, "तीन-आठ-चार म्हणजे नऊशे. आणि शेवटी पाच. पोरी, हा कचरा नाही. तुझे सेकंद आणि तुझा व्हॉल्व्ह लिटरच्या खोलीत जाऊन बसलेत."

माझ्या हातातलं पेन खाली पडलं. दहा दिवस जो आकडा मला चिडवत होता तो खरं तर उत्तरच ओरडून सांगत होता.

पुढचं मी जरा तपशिलानं लिहिते, कारण हे वाचणाऱ्या एखाद्या पोराला किंवा पोरीला कामी येईल. तुम्ही विचारलंत, डीबगर (चालता प्रोग्रॅम थांबवून आत बघायचं अवजार) काय म्हणतो, हा माल कुठल्या प्रकारचा आहे? मी म्हटलं, 'व्हॉटइज' केलं, दोन्हीकडे एकच उत्तर येतं. तुम्ही हसलात. "व्हॉटइज नाव सांगतं. नाव दोन्हीकडे एकच असणार, हेडर एकच आहे ना. नावाला विचारू नको, अंगाला विचार." आणि मग ती आज्ञा सांगितलीत, जी माझ्या जीडीबीत, म्हणजे मी वापरते त्या डीबगरमध्ये, कायम होती आणि मला माहीत नव्हती: 'पीटाइप', आणि पुढे तिरकी रेघ देऊन 'ओ'.

'पीटाइप' स्ट्रक्चर उलगडून दाखवतं एवढं मला माहीत होतं. 'ओ' जोडलं की प्रत्येक खणाच्या डावीकडे दोन आकडे येतात: तो सुरुवातीपासून कितव्या बाईटवर आहे आणि किती बाईट खातो. मध्ये जागा वाया गेली असेल तर तीन फुल्या मारून 'इतक्या बाईटचं भोक' असंही लिहून येतं, आणि तळाला एकूण आकार. तुम्ही म्हणालात, आमच्या वेळी हे नव्हतं, आम्ही चौकटीच्या वहीत हातानं मोजायचो. मी नंतर शोधलं. जीडीबी रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिलं, पण ही 'ओ'ची सोय २०१८ च्या ८.१ आवृत्तीत आली. तिची धाटणी 'पाहोल' नावाच्या अवजारावरून घेतलीय. ते अर्नाल्डो कार्वाल्हो दे मेलो या लिनक्स कर्नलवाल्याचं. नावाचा अर्थ साधारण 'भोकात बोट घाल'. त्या माणसाला मराठी येत नाही, नाहीतर त्यालाही एक पत्र लिहिलं असतं.

मी लायब्ररीच्या फंक्शनमध्ये ब्रेकपॉइंट लावला, थांबले, आज्ञा दिली आणि तुम्हाला वाचून दाखवलं. मोड: शून्यावर, चार बाईट. व्हॉल्व्ह: चारवर, एक बाईट. मग एका बाईटचं भोक. सेकंद: सहावर, दोन बाईट. लिटर: आठवर, चार बाईट. एकूण बारा.

"बारा," तुम्ही लिहून घेतलंत. "आता 'अप' म्हण की. आणि परत तेच विचार."

'अप' म्हणजे एक पायरी वर, ज्यानं हे फंक्शन बोलावलं त्या आमच्या कोडमध्ये. मी मनात म्हटलं, काय फरक पडणार, स्ट्रक्चर तेच, नाव तेच, आज्ञा तीच. एंटर दाबलं. मोड: शून्यावर, एक बाईट. व्हॉल्व्ह: एकवर. सेकंद: दोनवर. लिटर: चारवर. एकूण आठ.

मी दोनदा वाचलं. तुम्ही काहीच बोलला नाहीत. तुम्हाला एव्हाना कळलं होतं आणि तुम्ही मला ते स्वतःहून म्हणू देत होतात, हे माझ्या दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. मी म्हटलं, "मामा, एनम. त्यांच्याकडे एनम चार बाईटचा आहे आणि आपल्याकडे एकाचा."

"हां," तुम्ही म्हणालात. "पूर्वी आमच्या गावची पायली आणि पलीकडच्या गावची पायली एक नसायची. नाव पायलीच. धान्य मोजताना भांडणं व्हायची आणि दोघंही खरं बोलत असायचे."

यापेक्षा चांगलं मला कुठल्याही पुस्तकात मिळालं नाही. एआरएम जातीच्या उघड्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम नसलेल्या, चिपसाठीचा आमचा कंपायलर (कोड चिपच्या भाषेत आणणारा) एनमला मावेल तेवढी लहान जागा देतो. लायब्ररी ज्यांनी बांधली त्यांनी ती सवय बंद करून पूर्ण चार बाईट घेतले होते. हेडर अक्षरशः एकच. सी भाषेत लिंकर (तुकडे जोडून एक प्रोग्रॅम करणारा) नावं जुळली की जोडून टाकतो, पायली कुणाची केवढी यावरून अडवत नाही. म्हणून पुरवठादाराचा लॉग खरा होता, माझा प्रिंटएफही खरा होता. त्यांनी बारा बाईटचं माप ओतलं, आमचं भांडं आठचं, उरलेले चार शेजारच्या व्हेरिएबलवर सांडले. ते १२०० म्हणजे माझेच लिटर.

आणि डीबगरला हे दोन्ही कसं माहीत? तर कंपायलर प्रत्येक सोर्स फाइलबरोबर आपली समजूत स्वतंत्र लिहून ठेवतो: कुठला प्रकार, किती बाईट, कुठला खण कुठं. त्या लिखाणाच्या पद्धतीचं नाव 'ड्वार्फ'. फाइलच्या साच्याचं नाव 'एल्फ', म्हणून याचं ड्वार्फ. असले विनोद करणाऱ्या लोकांनी आपलं जग बांधलंय. तुम्ही ज्या पायरीवर उभे असाल तिथल्या फाइलची समजूत जीडीबी आधी बघतं. म्हणूनच 'अप'. मी चार वर्षं जीडीबी वापरतेय, पण 'हा प्रकार काय आहे' या प्रश्नाचं उत्तर कुठे उभं राहून विचारता त्यावर ठरतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कॉलेजात डीबगर म्हणजे ब्रेकपॉइंट आणि स्टेप. व्हेरिएबलची किंमत सगळे विचारतात, त्याचा प्रकार कुणीच विचारत नाही.

इथं पुरवठादाराचेही मनापासून आभार. लायब्ररी पाठवताना तिच्यातली डीबग माहिती काढून टाकायला ते विसरले. ते नीटनेटके असते तर मी अजून गच्चीवर पाणी उपसत असते.

तुम्ही फोन ठेवता ठेवता विचारलंत, "लिंकर काही बोलला नाही का गं? हा बोलतो सहसा." नाही म्हटलं, बोलला नाही. सकाळी मेकफाइल, म्हणजे प्रोग्रॅम बांधायच्या सूचनांची फाइल, उघडली. एनमच्या आकाराबद्दलची सूचना बंद करणारा पर्याय तिथं होता, मी यायच्या आधीपासूनचा. वर इंग्रजीत एक शेरा: 'फार बडबड करतो'. कुणी लिहिला ते मी शोधून काढलं. नाव सांगत नाही. त्याच माणसाचं माझ्या पायाबद्दल मत होतं, एवढंच.

त्या दिवशी मी मीटिंगमध्ये दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी भिंतीवर लावली. आठ आणि बारा. लीड बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हे तू मला पहिल्या दिवशी दाखवायला हवं होतंस." मामा, तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात याचा विचार करून मी गप्प बसले. (खोटं. "आकडा दाखवला होता सर," असं म्हटलं. पण हळू आवाजात.) दुरुस्ती एका ओळीची होती, पुरवठादाराशी पत्रव्यवहार तेवीस ईमेलांचा. त्याचं पुराण इथं नको. आता बिल्ड करतानाच आकार आठ नसेल तर कंपायलर अडतो, आणि लिंकरला बडबडायची मुभा आहे.

रात्री अकराला तुम्ही भाचीच्या फोनवर एक फोटो पाठवलात. चौकटीच्या वहीचं पान. वर बारा चौकोन, खाली आठ, प्रत्येकात निळ्या पेनानं एकेक बाईट: शून्य दोन, तीन शून्यं, शून्य पाच, मग भोकाची शून्यं, आठ चार, शून्य तीन, आणि पुढं लिटरचे चार. वरच्या ओळीतल्या व्हॉल्व्हपासून खालच्या लिटरपर्यंत एक बाण. मी फोनवर वाचताना एके ठिकाणी अडखळले होते, तिथं तुम्ही खोडून परत लिहिलेलं दिसतं. कोपऱ्यात माझं नाव आणि तारीख. ते पान छापून मी माझ्या मॉनिटरखाली चिकटवलंय. नवीन आलेली एक मुलगी रोज त्याच्याकडे बघते; परवा तिनं विचारलं, हे कुणी काढलंय? मी म्हटलं, मामांनी. तिला वाटलं माझे सख्खे.

मी पैशांचं विचारलं तेव्हा तुम्ही रागावलात, म्हणून तो विषय काढत नाही. पण दिंडोरीच्या ज्या बागेत आमचे पहिले सहा डबे लागलेत तिथं पाच नंबरचा व्हॉल्व्ह गेले तीन आठवडे बरोबर पंधरा मिनिटांनी बंद होतोय, आणि बागाईतदार फेब्रुवारीत एक पेटी देतो म्हणालेत. ती मी तुम्हाला पाठवणार आहे. तासगावच्या शेजारच्या माणसाला नाशिककडची द्राक्षं पाठवणं म्हणजे काय, ते मला तुमच्या भाचीनं तोंड भरून सांगितलंय. तरी पाठवणार. आंबट निघाली तर तसं कळवा, पण किती ते नीट सांगा, मी लिहून घेईन.

मामींना नमस्कार.

आपली,
गच्चीवरची